दोन युनियन आणि आमची भातगिरणी

आधी हातातला चहा संपवा बरं. हे ऐकताना ठसका लागला तर खापर माझ्यावर नको. एवढा शहाणपणा मी आयुष्यात फक्त दोनदा केला, आणि दोन्ही वेळा एकाच आठवड्यात!

तारापूरला वीजघराचं बांधकाम नुकतंच सुरू झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट. मी मॅट्रिक होऊन बोईसरच्या एका भातगिरणीत कारकून म्हणून चिकटलो होतो. अकरा माणसांची गिरणी. आम्ही उकडा तांदूळ करायचो, म्हणजे भिजवलेल्या भाताला वाफ द्यायची. त्यासाठी एक म्हातारा बॉयलर आणि तिथून भाताच्या टाक्यांपर्यंत गेलेला लोखंडी पाइप. हा पाइप सदा कुठेतरी गळायचा. गळला की कापा, जोडा, वेल्डिंग करा! दोन-दोन दिवस गिरणी ठप्प.

आमचे शेठ तसे मनाने चांगले. पण भित्रे! तारापूरला हजारो मजूर आलेत म्हटल्यावर कुणीतरी त्यांच्या कानात भरवलं होतं, ‘शेठ, आता इकडेपण युनियन येणार, संप होणार.’ तेव्हापासून बाहेर चार माणसं एकत्र बिडी ओढायला उभी राहिली, तरी शेठ खिडकी लावून घ्यायचे.

अशात पाइप परत गळला. दुरुस्तीला किनाऱ्यावरच्या मुरबे गावचा हरीदादा आला. घरची होडी भावावर सोपवून मुंबईच्या गोदीत फिटरकी शिकलेला, हाताचा पक्का माणूस. मी टेबलाशी हजेरी लिहीत होतो आणि भिंतीपलीकडे तो बॉयलरवाल्या सावळारामशी बोलत होता.

“या गिरनीत एक पन युनियन नाय? म्हनून तर सगली बोंब हाय! दर टायमाला कापाकापी!”

माझं पेन थांबलं.

“किती लागतील?” सावळाराम.

“दोन तरी पायजेत. एक बॉयलरकडं, एक टाकीकडं. आनि स्वस्तातली नको. वरून प्रेशर आलं की ती फुटते.”

“शेठला विचारलंस?”

“शेठला काय कलतंय त्यातलं? उद्या बसवून टाकू. आज नको, आज गरम हाय.”

आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय समजला असता? मी बाहेर डोकावलो. बॉयलरच्या कॉकवर लाल फडकं बांधलेलं! मी धावत सुटलो. खरं सांगू? मनातल्या मनात बढतीचे मांडे खात होतो.

“शेठ! हरी उद्या युनियन बसवतोय!”

शेठच्या हातातली सुपारी खाली पडली. “युनियन?”

“एक नाही, दोन! कापाकापीची भाषा चाललीय. लाल बावटाही लागला!”

“अकरा माणसांत दोन युनियन?” शेठ खुर्चीतून उठलेच. म्हणाले, “सगळ्यांना आंब्याखाली बोलव. त्यांनी मागायच्या आत आपणच देऊ.”

सगळे जमले. शेठनी हात जोडले आणि सुरुवात केली. आजपासून दोन वेळा चहा, गिरणीतर्फे. भाकरी खायला पत्र्याची शेड. गरम पाण्यात उभं राहणाऱ्यांना गमबूट. आठवड्याची सुट्टी भरपगारी!

भात वाळवायला बेटेगावहून येणारी जिवीआजी पुढे झाली. “शेट, तुमाला बरं नाय का? डागदर बोलवू?”

“मी ठीक आहे,” शेठ म्हणाले. मग हरीदादाकडे वळले. “हरीभाऊ, आता तरी युनियनचं डोक्यातून काढ.”

“नाय शेठ. चहा द्या, नका देऊ. पन युनियन बसवल्याबिगर मी जानार नाय!”

“अरे पण का?”

“पुढच्या टायमाला पाइप कापायला लागू नये म्हनून!”

आणि त्याने पिशवीतून एक जाडजूड लोखंडी जोड काढून शेठच्या हातात ठेवला. “ही युनियन. दोन बाजूंना पाइपची दोन टोकं, मदी हा मोठा नट. पाना लावून नट फिरवला की लाइन सुटते, परत फिरवला की जुलते. कापाकापी नाय, वेल्डिंग नाय. बिडाची स्वस्त मिलते, पन वाफेच्या प्रेशरला तडकते. ही पोलादाची हाय.”

“आणि ते लाल फडकं?” मी क्षीण आवाजात विचारलं.

“मी पाइपवर काम करताना कोनी कॉक उघडू नये म्हनून. मला शिजवायचा हाय काय?”

शेठनी युनियनकडे पाहिलं. मग माझ्याकडे. ती नजर अजून आठवते हो! माझी नोकरी गेलीच असं मी धरून चाललो. शेठनी घसा खाकरला. “मग ते चहाचं...”

“शेट!” जिवीआजी म्हणाली. “आमी सगल्यांनी आयकलंय!”

शेठ असे खदखदून हसले, की बॉयलरची शिट्टीसुद्धा ऐकू आली नसती. शब्द त्यांनी पाळला. पावसाळ्याआधी शेड उभी राहिली. दुसऱ्या दिवशी दोन्ही युनियन बसल्या आणि त्या वर्षी पाइपपायी गिरणी एकदाही बंद पडली नाही.

माझी नोकरीही टिकली. उलट हरीदादानं मला हाताशी घेतलं, नट आवळायला लावला. मला वाटलं, आता आपण यातले जाणकार! म्हणून दोन दिवसांनी तो म्हणाला, “लाइनीत पानी साचतंय, दोन ट्रॅप आनायला पायजेत,” तेव्हा मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. मॅट्रिकला इंग्रजीत साठ मार्क होते माझे! थेट पालघरच्या बाजारात गेलो आणि छाती काढून परत आलो.

हरीदादानं माझ्या हातातले उंदरांचे दोन्ही पिंजरे घेतले. उलटसुलट केले. दार उघडून, लावून पाहिलं.

“भाऊ, माल चांगला हाय,” तो म्हणाला. “पन आपल्याला ट्रॅप पायजे तो वाफ अडवून पानी बाहेर सोडनारा. या पिंजऱ्यात वाफ धरायची तर आत खोबरं लावायचं का सुकट?”