करंजाचं तेल आणि चूल

करंजाच्या तेलाचा वास आजही नाकाशी आला की मला मळमळतं. सत्तरच्या दशकात लग्न होऊन मी तुमसरहून कोंढ्याला आले आणि आल्या आल्या हा वास माझ्या पदराला चिकटला. तेलात कडुनिंबाचा पाला ठेचून टाकायचा, ते मंद आचेवर कढवायचं, गाळून ठेवायचं. दिवेलागणीला सासरे, दीर आणि माझा नवरा ओसरीत पाय पसरून बसत आणि ते हिरवंकाळं तेल गुडघ्यापर्यंत चोपडून घेत. मग डास त्यांच्या वाटेला जात नसत.

कढवायचं सासूबाईंनी आणि मी. लावायचं मात्र बाप्यांनीच. का, तर ज्या बाईनं करंजाचं तेल अंगाला लावलं तिच्या हातचं अन्न म्हणे कडू होतं! आणि चूल उरकली की आम्ही दोघी कुठं? मोरीमागच्या खड्ड्यापाशी, भांडी घासायला. शी, आठवलं तरी अंगावर काटा येतो. भाताची पेज, खरकटं, आंघोळीचं पाणी, सगळं त्यात कुजायचं. वर साय धरलेली आणि तिच्याखाली डासांच्या अळ्या वळवळत. उकिडवं बसलं की उघड्या पिंडऱ्यांवर डास नुसते तुटून पडायचे.

सासूबाईंचा डावा पाय हत्तीपायानं सुजलेला होता. कातडी खरबरीत, बोटांच्या बेचक्यांतून लस वाहायची, तिच्यावर माश्या. खोटं कशाला बोलू, मला त्या पायाची किळस यायची. त्याहून जास्त भीती वाटायची, की इथंच बसत राहिले तर माझाही पाय असाच होणार. रक्त तपासायला येणारा सरकारी माणूस सांगून जायचा, की हे डासांमुळे होतं. सासरे मान डोलवायचे आणि स्वतःच्या पायाला आणखी थोडं तेल चोळायचे.

एका संध्याकाळी माझा घोटा सुजलेला दिसला. नुसता डास चावल्याची सूज असेल, पण माझं डोकंच फिरलं. तेलाची वाटी उचलली, ओसरीतच सगळ्यांदेखत दोन्ही पायांना चोपडलं, राखेनं हात घासून धुतले आणि भाजी फोडणीला टाकली.

जेवायला बसल्यावर सासऱ्यांनी पहिलाच घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि ताट ढकललं. कडू जहर झालं म्हणाले, हिला माहेरी पोचवून द्या. नवऱ्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. सासऱ्यांच्या पिंडऱ्या तेलानं चकाकत होत्या, ज्या हातानं चोपडलं त्याच हातानं ते जेवत होते, आणि कडू झालं ते माझ्यामुळे. ओकारी आली मला त्या माणसांची.

सासूबाई भिंतीला धरून उठल्या. ढकललेलं ताट स्वतःकडे ओढून त्यांनी त्यातला एक घास खाल्ला, सावकाश चावला.

"कडू नाही लागून राहिलं," त्या म्हणाल्या. "जेवा."

ताट त्यांनी परत सरकवलं. सासरे जेवले.

त्या रात्री सासूबाई भांड्यांकडे गेल्या नाहीत. ओसरीच्या काठावर बसल्या आणि लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. मी तेल घेऊन, श्वास रोखून, त्यांच्या सुजलेल्या पायाशी बसले. त्यांनी माझा हात धरून बाजूला केला.

"तो गेला," म्हणाल्या. "या दुसऱ्याले लाव."