मी मान हलवली

आमच्या गावात एका माणसाला आजही दारुड्या म्हणतात. तो जाऊन बरीच वर्षं झाली. त्याच्या माघारी त्याची बायको हे ऐकते, मुलगी सासरी ऐकते. हे नाव त्याला माझ्यामुळं चिकटलं.

फौजेतून सुभेदार होऊन मी कवठे महांकाळकडच्या आमच्या गावी परत आलो, तेव्हा गावात देशी दारूचं एक दुकान होतं आणि त्याच्या मालकापुढं सगळं गाव वाकून होतं. घराघरांत बायका मार खात होत्या. दुकान बंद करण्यासाठी त्यांनी मतदान मागितलं. मी अर्ज लिहिले, तहसीलला हेलपाटे घातले. अर्जावर पहिली सही ज्या बाईनं केली, तिचाच नवरा हा. पूर्वी तोही प्यायचा, पण तिनं सही केली त्या दिवसापासून त्यानं सोडली. मतदानात बाटली आडवी झाली, दुकान बंद पडलं, तेव्हा बायका चौकात फुगड्या खेळल्या. गाव दारूच्या तावडीतून सुटलं, असं मला मनापासून वाटलं.

मग समिती झाली. अध्यक्ष मी. बाहेरगावी पिणारे संध्याकाळच्या एसटीनं परतायचे. आम्ही नऊ जण थांब्यावर उभे राहून उतरणाऱ्या प्रत्येक पुरुषाच्या तोंडाचा वास घ्यायचो. वास आला की देवळापुढच्या खांबाला बांधायचं, बायकोला बोलवायचं आणि तिच्यादेखत शपथ घ्यायला लावायची. सुरुवातीला बायका पदराआड हसायच्या. पुढं येईनाशा झाल्या, तेव्हा आम्ही त्यांना घरातून आणू लागलो.

एका ग्रामसभेत हा माणूस उठला. "सुभेदार, आदी एका दुकानवाल्याला भ्यायचो, आता तुमा नऊ जणांना भ्यायचं व्हय? आन् बायकास्नी इचारलं का कवा, नवरा बांधलेला बगायचा हाय का म्हून?"

"ह्याला तल्लफ आलीया रं!" मागून कोणीतरी ओरडलं. सभा हसली. मीही हसलो. पण ते मला लागलं होतं.

चार दिवसांनी तो एसटीतून उतरला. मी पुढं झालो. "तोंड उघड."

"घ्या की. दोनदा घ्या."

तंबाखू आणि कांदाभजी. दुसरा कसलाही वास नव्हता. बाकीचे आठ जण माझ्याकडं बघत होते. वास आहे म्हणून मी मान हलवली.

बांधताना त्यानं अंग ओढलं नाही. बायकोला आणलं. ती म्हणाली, "आवं भाऊजी, सही केल्यापास्नं ह्यांनी शिवली न्हाई." मी म्हणालो, "सगळ्याच बायका असंच सांगत्यात, वहिनी." त्यानं शपथ घ्यायला नकार दिला, म्हणून आणखी तासभर ठेवला. महिन्याभरात तो मेव्हण्याच्या सोनं गाळायच्या दुकानात कामाला परमुलखात निघून गेला. तिकडंच छातीच्या दुखण्यानं गेला. गावानं मात्र ठरवून टाकलं, दारूनं गेला. मी गप्प राहिलो.

यंदा तिच्या दारात जाऊन मी सगळं सांगितलं. ती शेंगा फोडत होती. हात थांबले नाहीत. "मला ठावं हाय. मी त्यांच्या शेजारी निजत हुते. मला कशाला सांगताय? गावाला सांगा."

मी ग्रामसभेत उभा राहिलो आणि सांगितलं. समिती आता तरण्यांच्या हातात आहे. बांधलेल्या माणसाचा फोटो काढून ते गावाच्या ग्रुपवर टाकतात. त्यांचा अध्यक्ष मला समजुतीनं म्हणाला, "आबा, तुमीच असं म्हणाय लागला तर उद्या समितीला कोण भील?" टाळ्या पडल्या. माझं बोलणं सभेच्या वहीत लिहून घ्या म्हणालो, ते कुणी लिहिलं नाही. बायकांच्या बाजूला ती एकटीच बसली होती.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडं गेलो. तिनं दार उघडलं नाही. आतूनच बोलली, "काल सभा सुटल्यावर समितीवाले हितं येऊन गेले. म्हातार्‍याला कायबाय शिकवू नगंस, म्हणाले. माजं ऱ्हाणं ह्याच गावात हाय, भाऊजी. आता तुमी येऊ नका."

तेव्हापासून मी गेलो नाही. सभेच्या वहीत जे आलं नाही, ते इथं लिहून ठेवलं आहे. गावात कोणी वाचेल असं वाटत नाही.