शेवटच्या नळाचा अहवाल

लोक त्यांना बाटलीसाहेब म्हणायचे. स्कूटरच्या मागे लाकडी पेटी, पेटीत कापूस लावून बसवलेल्या चोवीस काचेच्या बाटल्या, आणि चेहऱ्यावर कायम घाई. एखादा नवखा माणूस पेटीकडे बघून डोळा मिचकावायचा, "काय साहेब, आहे का काही शिल्लक?" ते न हसता सांगायचे, "पाणी आहे. पिण्यालायक आहे की नाही, ते परवा कळेल."

त्या डोंगराळ भागाच्या आरोग्य कार्यालयात ते पाणी तपासनीस होते. सव्वीस वर्षं नोकरी, बेचाळीस वस्त्या, बेचाळीस टाक्या. नळाखाली छोटी काचेची नळी धरायची, तिच्यात दोन थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर टाकीतलं औषध नळापर्यंत पोहोचलं. बिनरंगी राहिलं तर नाही. बाटल्या भरून प्रयोगशाळेत द्यायच्या. काम एवढंच, पण त्यांनी ते कधी वरवर उरकलं नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या लक्षात आलं, की खालच्या वस्तीत टाकीजवळच्या नळाला पाणी पिवळं होतं आणि शेवटच्या नळाला होत नाही. दोन उन्हाळे ते सुट्टीच्या दिवशीसुद्धा तिथे जात राहिले. पाइप एका ठिकाणी सरळ गटारातून गेला होता आणि तिथेच कुठेतरी तडकला होता. त्यांनी चौदा पानांचा अहवाल लिहिला. नकाशा काढला, त्यात रंगीत पेन्सिलींनी पाइप निळा, गटार तपकिरी आणि गळतीची जागा लाल दाखवली. तेव्हाच्या वरिष्ठांनी कोपऱ्यात लिहिलं, 'पाहिले. नस्तीला लावावे.' पुढच्या वर्षी वरून छापील तक्ता आला. त्यात प्रत्येक टाकीला एक रकाना होता, शेवटच्या नळाला नव्हता. बाटलीसाहेब तक्ता भरत राहिले आणि अहवाल लोखंडी कपाटाच्या तळच्या खणात पडून राहिला.

त्यांची बायको घराच्या पुढच्या खोलीत शिलाई करायची. तिला सगळे ताई म्हणत. मदतीला खालच्या वस्तीतली एक काजबटणवाली होती, वयाने लहान, तोंडात कायम दोरा. गिऱ्हाइकं मापं द्यायला यायची आणि तासभर बोलून जायची. बाटलीसाहेब कार्यालयातून आले, की खोलीत हसणं चालू असायचं आणि ते आत शिरले की थांबायचं.

आरोग्य मंडळाची वर्षातून एकदा खुली सभा व्हायची. मंडळ म्हणजे सात माणसं. कार्यालयाने काय करायचं आणि कशावर खर्च करायचा हे तीच ठरवत. त्या वर्षी सभागृहाचे पडदे ताईंनी शिवले होते. ते लावून झाले तेव्हा सभा सुरू होत होती, म्हणून त्या मागच्या खुर्चीवर टेकल्या. शेवटी मंडळाच्या अध्यक्षबाईंनी, एका निवृत्त डॉक्टरीणबाईंनी, रिवाजाप्रमाणे विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?" असं विचारल्यावर कुणी बोलत नसतं. गळ्यात टेप तशीच असलेल्या ताई उभ्या राहिल्या.

"माझ्याकडे सगळ्या वस्त्यांतल्या मुलांचे कपडे येतात," त्या म्हणाल्या. "वर्ष झालं की आया म्हणतात, शिवण उसवून जरा ढिले करून द्या, पोरगं वाढलं. खालच्या वस्तीतल्या आया तेच कपडे आवळून घ्यायला आणतात. एक-दोन नाही, गेल्या वर्षी एकोणतीस. विचारलं तर म्हणतात, पोट सारखं बिघडतं. तिथलं पाणी बघा."

मंडळातले वखारवाले, लाकडाचे व्यापारी, हसून म्हणाले, "आता आरोग्य टेपने मोजायचं का?"

"मोजा की. तुम्ही दुसऱ्या कशाने मोजलंय का?"

हशा पिकला आणि मग टाळ्या. चांगल्या कडकडून, पडद्यांना हलवणाऱ्या. कर्मचाऱ्यांच्या रांगेत बाटलीसाहेबांनीही दोन-चार टाळ्या वाजवल्या, पण छातीत काहीतरी गरम उतरत गेलं. चौदा पानं, दोन उन्हाळे. आणि हिने तीन मिनिटं, तीही पडदे लावायला आलेली असताना.

घरी जाताना स्कूटरवर मागून ताईंनी विचारलं, "बरोबर बोलले ना हो मी?"

"हूं. 'आवळून' म्हणायला नको होतंस. त्याला वजनघट म्हणतात."

महिन्याभरात मंडळात नागरिक सदस्याची जागा रिकामी झाली आणि अध्यक्षबाईंनी ताईंना बोलावून घेतलं. वर पाणीपुरवठ्याची देखरेखही त्यांच्याकडेच दिली. म्हणजे बाटलीसाहेब दर महिन्याला जो अहवाल पाठवायचे, तो आता त्यांच्या बायकोच्या सहीशिवाय पुढे जाणार नव्हता. कार्यालयातला शिपाई म्हणाला, "साहेब, मजा आहे तुमची. घरच्या घरीच सही!" बाटलीसाहेबांना हसू आलं नाही. कानामागून आली आणि तिखट झाली, हे ते मनातल्या मनात इतक्यांदा म्हणाले, की एकदा चहा मागताना तेच तोंडातून निघता निघता राहिलं.

त्यांनी एक उपाय केला. अहवाल इतक्या जड भाषेत लिहायला लागले, की वाचणाऱ्याचे दात पडावेत. 'अवशिष्ट निर्जंतुकीकरण द्रव्याची मात्रा विहित मर्यादेनुसार आढळून आली.' चौथ्या दिवशी टेबलावर मंडळाचा कागद आला. 'पान दोनवरील वाक्य कळले नाही. पाण्यात औषध होते की नव्हते, ते लिहावे.' खाली सही. अक्षर तेच, जे रोज सकाळी त्यांच्या खिशात साबण आणि मीठ आणायची चिठ्ठी म्हणून असायचं.

घरी ते जेवताना म्हणाले, "अगं, समोर बसलोय मी. तोंडाने विचारायचंस."

"घरात मंडळ नको असं तुम्हीच म्हणालात ना?" ताई म्हणाल्या आणि वाढायला उठल्या. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, त्यांना भांडता आलं असतं.

पुढच्या बैठकीत खालच्या वस्तीचा प्रश्न मंडळासमोर आला. नवा पाइप टाकायचा, की दवाखान्याची पुढची इमारत नवी करायची, दोन्हीला पुरेल एवढा निधी नव्हता. वखारवाल्यांचा मुद्दा बिनतोड होता. "एका वर्षाच्या कपड्यांवरून पाइप टाकता येत नाही. जुनं काही दाखवा. छापील तक्त्यात तर सगळं ठीकच दिसतंय." मंडळाने पंधरा दिवसांची मुदत दिली.

त्या संध्याकाळी ताईंनी घरातलं मंडळ नको हा नियम मोडला. "अहो, तुम्ही तेव्हा उन्हाळाभर जात होतात खालच्या वस्तीत. काहीतरी लिहिलंही होतंत. तो कागद मिळेल का?"

खरं तर बाटलीसाहेब याच प्रश्नाची वाट बघत होते. अहवाल घेऊन आपण उभे राहू, नकाशा उलगडू, वखारवाल्यांचं तोंड बंद होईल, असे मनाचे मांडे त्यांनी कितीदा खाल्ले होते. ते तोंड उघडणार, एवढ्यात ताई पुढे म्हणाल्या, "मिळाला तर माझ्या बोलण्याला आधार होईल."

आधार! त्यांचे दोन उन्हाळे हिच्या तीन मिनिटांना आधार!

"तो गेला," बाटलीसाहेब म्हणाले. "कपाटं बदलली तेव्हा रद्दीत."

"अरेरे," ताई म्हणाल्या. "एवढं केलं होतंत तुम्ही." त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, आणि बाटलीसाहेबांना ते दिसलं होतं.

पंधरा दिवसांनी ताईंनी मंडळात सांगितलं, की जुनं काही सापडत नाही. निर्णय पुढच्या तिमाहीवर गेला. त्या दिवशी ताई घरी आल्या आणि न जेवताच मशीनवर बसल्या. मशीनचा आवाज ऐकत बाटलीसाहेबांनी पोटभर जेवून घेतलं. इतक्या महिन्यांत घास असा गोड लागला नव्हता.

पाच आठवड्यांनी खालच्या वस्तीत कावीळ सुरू झाली. आधी तिघं, मग अकरा, मग अडतीस. बाटलीसाहेब रोज पेटी घेऊन जात होते. शेवटच्या नळाखाली नळी धरायची, दोन थेंब टाकायचे, बघत राहायचं. पाणी बिनरंगीच राहायचं, पण तक्त्यात त्याला रकाना नव्हता, म्हणून ते मंडळापर्यंत जात नव्हतं. दारादारात बसलेल्या माणसांचे डोळे मात्र पिवळे झालेले.

काजबटणवालीला सातवा महिना होता. तिलाही कावीळ झाली. वीस दिवस ती दवाखान्यात होती, त्यातले चार दिवस बेशुद्ध. ताई रोज सकाळी तिच्यापाशी जाऊन बसायच्या. एकविसाव्या दिवशी दुपारी त्या परत आल्या आणि चपलाही न काढता म्हणाल्या, "ती वाचली. बाळ गेलं."

बाटलीसाहेब कार्यालयात गेले आणि कपाटासमोर उभे राहिले. मनात हिशेब चालूच होता. अहवाल दिला असता तरी दोन महिन्यांत पाइप थोडाच झाला असता? सरकारी काम, वर्ष गेलं असतं. हे खरंच होतं. पण पाणी उकळून प्या ही सूचना तरी दुसऱ्या दिवशी गेली असती, घरोघर, आणि ती वाटायला तेच गेले असते. हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना. त्यांनी तळचा खण ओढला.

ताई मशीनवर होत्या. शेजारी काजं न केलेले सात शर्ट पडले होते. बाटलीसाहेबांनी त्यावर फाईल ठेवली. ताईंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी पानं वाचली, नकाशावर बोट फिरवलं.

"रद्दीत गेला होता ना?"

"नाही."

"मग?"

"टाळ्या तुला मिळाल्या," ते म्हणाले.

"एवढ्यासाठी?"

"माझ्यासाठी ते एवढंसं नव्हतं."

ताईंनी नकाशाची घडी घातली. मग म्हणाल्या, "मला नुसतं सांगितलं असतंत तरी मी खाली बसून राहिले असते. तुम्ही बोला म्हटलं असतं." त्या तसं करणाऱ्याच होत्या. त्या खरोखर बसून राहिल्या असत्या आणि आपणच बोललो असतो, हे बाटलीसाहेबांना कळलं.

"मंडळात सांगशील?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगा. मी सांगितलं तर बायकोने नवऱ्याला पकडून दिलं, एवढीच गोष्ट लोक महिनाभर चघळतील आणि पाइप राहील बाजूला." फाईल बंद करून त्यांनी शर्ट उचलले. "आणि आज मला हाक मारू नका. मला जमणार नाही."

मंडळाची तातडीची बैठक झाली. बाटलीसाहेबांनी नकाशा भिंतीला लावला आणि सांगितलं. अहवाल काय म्हणतो ते, आणि तो आधी का आला नाही तेही. "हेवा वाटला," असा शब्द त्यांनी वापरला. जड शब्द शोधला नाही. वखारवाल्यांनी मान खाली घातली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी शिव्याही दिल्या नाहीत. अध्यक्षबाईंनी एवढंच विचारलं, "गळतीची जागा अजून तीच आहे?"

"तीच आहे."

त्याच दुपारी पाणी उकळण्याची सूचना निघाली. तडा तात्पुरता बुजेपर्यंत फुटका पाइप बंद ठेवून टँकर लागला, आणि दवाखान्याची इमारत मागे पडून नवा पाइप मंजूर झाला. बाटलीसाहेबांना लेखी ताकीद मिळाली आणि त्यांची वरच्या जागेची शिफारस रद्द झाली. ताईंनी ताकिदीच्या ठरावाच्या वेळी खुर्ची सोडून बाहेर व्हरांड्यात उभं राहायचं ठरवलं. त्यांनी मत दिलं नाही.

काजबटणवाली अडीच महिन्यांनी कामावर आली. बाटलीसाहेब तिच्यासमोर उभे राहिले आणि जे मंडळात सांगितलं तेच तिलाही सांगितलं. तिने तोंडातला दोरा काढला नाही. शर्ट गुडघ्यावर पालथा केला, सुई थांबवली.

"आता शेवटच्या नळाला पिवळं होतं का?" तिने विचारलं.

"होतं. कालच बघितलं."

"रोज बघत जा." आणि तिने सुई पुन्हा घातली. त्यानंतर ती त्यांच्याशी कामापुरतंही बोलली नाही. त्यांनीही कधी तक्रार केली नाही.

मंडळाने नवा नियम केला, की प्रत्येक वस्तीत शेवटच्या नळाचाही नमुना घ्यायचा. तक्त्यात नवा रकाना आला. तो आखला बाटलीसाहेबांनीच, घरी बसून, पट्टी लावून. नियम शेजारच्या भागांनीही उचलला आणि सगळीकडे त्याचं नाव पडलं, 'ताईंचा नियम'. वर्षभराने ताईंना शेजारच्या भागातून नियमाबद्दल बोलायला बोलावणं आलं. पत्र कार्यालयाच्या पत्त्यावर, म्हणून बाटलीसाहेबांच्याच हातात पडलं. 'ताईंचा नियम' हे शब्द वाचताना त्यांच्या छातीत पुन्हा तेच गरम उतरलं, जसंच्या तसं. इतकं सगळं होऊनही.

त्यांनी पाकीट खिशात घातलं. दुपारपर्यंत ते खिशातच होतं. मग ते जेवायच्या सुट्टीत स्कूटर काढून घरी गेले आणि पाकीट ताईंच्या हातात दिलं.

"कधी आलं?" ताईंनी उघडता उघडता विचारलं.

"सकाळी."

ताईंनी वर पाहिलं. "सकाळी आलं आणि आत्ता देताय?"

"हो," बाटलीसाहेब म्हणाले. "आत्ता देतोय."

ताईंनी पत्र वाचलं, घडी घातली. "तो नकाशा लागेल," त्या म्हणाल्या. "आणि तो मला समजावून सांगता येणार नाही. तुमची रजा शिल्लक आहे का?"

"बघतो," ते म्हणाले. लगेच हो म्हणणं अजून त्यांना जमलं नाही.