आधी वाचून दाखव

सही जुळेना म्हणून बँकेतल्या पोरानं माझा अंगठा शाईत दाबला, आणि त्या वासानं डोकंच भणाणलं.

तरुणपणी, मॅट्रिक होऊन मी वाशीमच्या कचेरीत काम शिकायला बिनपगारी उमेदवारी करत होतो. मानोऱ्याकडची एक बाई जबानी देत होती, "जंगलच्या शिपायानं मही गाय गोठ्यातून सोडून नेली."

हेडकारकून मला म्हणाला, "लिव, गाय जंगलात चरत होती."

"पण साहेब, बाई तर गोठ्यातून म्हणून राह्यली!"

"तू लिवाले आला का न्याय कराले?"

मी लिहिलं. मोत्यासारख्या अक्षरात! तिचा अंगठाही मीच धरला.

"आधी वाचून दाखव," मी बँकेत ओरडलो. अंगठा देण्याआधी ती बाईही हेच म्हणाली होती. मी वाचून दाखवलं होतं, पण तिनं सांगितलेलं, लिहिलेलं नाही.