तंजावरला चुलत्यांचा शब्द

तंजावर स्टेशनात उतरलो तेव्हा दोन दिवसांत माझ्याशी मराठीत कुणी बोललं नव्हतं. ऐट मात्र शाबूत होती. गलाईचं काम (सोनारांकडचं सोनं वितळवून शुद्ध करायचं) मला दहा वर्षांपासून येतं, आणि आमच्या विट्याकडची माणसं या धंद्यात देशभर पसरलेली. काम मिळणारच, असं धरून चाललो होतो.

सोनारांच्या गल्लीत आबांचं दुकान सापडलं. आबा आमच्या शेजारच्या गावचे. त्यांनी मूस हातात दिली, काम पाहिलं, मान डोलावली. मग म्हणाले, "हात चांगला हाय. पण कुणाचा तू? गावाकडनं शब्द देणारं कुणी असल्याबिगर मी सोन्याला हात लावू देत न्हाय."

गावात माझे एकच नातलग, चुलते. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून मी त्यांना पोलीस ठाण्यात उभं केलं होतं. तेव्हापासून अबोला.

खाणावळीच्या अम्मा कित्येक पिढ्यांपूर्वी इथे आलेल्या मराठी घरातल्या. "कोठून आलांत?" त्यांनी विचारलं, आणि मला भरून आलं. डांगर पच्चडी (दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ) दोनदा वाढली. तुम्हीच शब्द द्या, असं मी निर्लज्जपणे म्हणालो. देईन, पण माझ्या शब्दाला त्या गल्लीत कोण विचारतो, असं त्या म्हणाल्या.

दुपारी बसने तिरुवैयारूला गेलो. कावेरीच्या पायऱ्यांवर माणसं घोळक्याने बसलेली. मी एकटा, हातात फोन. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आबांसमोरच चुलत्यांना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "त्याला दे." दोघं पाऊस, बैल, कुणाकुणाची लग्नं यावर बराच वेळ बोलले. आबांनी फोन परत दिला. "उद्यापासून ये." मी फोन कानाला लावला, तर चुलत्यांनी तो ठेवून दिला होता.

दिवाळीला गावी गेलो ते मिठाई घेऊन थेट चुलत्यांच्या दारात. ते उठले नाहीत. म्हणाले, "शब्द घराण्यासाठी दिला. तुला घरात ये म्हणालो न्हाय."

पुडा उंबऱ्यावर ठेवून मी परत फिरलो. तंजावरला पोचलो तर आबांनी पहिल्यांदा चुलत्यांचीच चौकशी केली.

"बरे आहेत," मी म्हणालो. "जेवल्याशिवाय सोडलं नाही." आणि भट्टी पेटवायला घेतली.