बिनपावतीचा सेबेस्टियन

माझ्या धंद्यात लबाड माणसं परवडतात. तीस वर्षं मी वसईत लोकांचे कराचे कागद भरते आहे. आकडे लपवणाऱ्याला काय विचारायचं आणि कुठे गप्प बसायचं, हे मला तोंडपाठ आहे. भोळा माणूस समोर आला की मात्र माझं डोकं फिरतं. दोन हजार सात साली सेबेस्टियन माझ्या ऑफिसात आला आणि मी त्याच्यावर इतकी ओरडले की शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला.

सेबेस्टियन पाचूबंदरचा, वसईजवळच्या कोळीवाड्यातला. बापाची होडी होती, पण हा होडीत पाय ठेवला की ओकायचा. कोळ्याच्या पोराला याहून मोठी बेइज्जती नाही. पाण्यावर जमेना म्हणून तो छपरावर चढला. आधी अँटेना लावल्या, मग केबल ओढली, आणि दुकानांतून, गोदामांतून कॅमेरे बसवायची टूम निघाली तशी त्यातही शिरला. काम नीटनेटकं होतं. माझ्याच सोसायटीत त्याने चार कॅमेरे बसवले होते. वायर कुठे लोंबत नव्हती, आणि भिंतीला भोकं पाडून झाल्यावर त्याने स्वतः झाडू मागून घेऊन चुरा झाडला होता. असं करणारा फिटर मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

तर त्या दिवशी त्याच्या हातात एक पत्र होतं. कामणच्या एका गोदामात त्याने कॅमेरे बसवले होते. गोदामवाल्याने त्याच्या बिलावरचा व्हॅट वजावटीसाठी दाखवला, तर विक्रीकर कार्यालयाने कळवलं की ज्याचा हा नंबर आहे, त्याने असा माल तुम्हाला विकलेलाच नाही. मी बिल पाहिलं. वर ठळक अक्षरात सेबेस्टियनचं नाव, आणि खाली टिन नंबर, म्हणजे व्हॅटचा नोंदणी क्रमांक.

"हा नंबर तुझा?"

"नाय मॅडम, शेठचा." शेठ म्हणजे मुंबईतला घाऊक व्यापारी, ज्याच्याकडून हा कॅमेरे आणायचा.

"तुझ्या बिलावर शेठचा नंबर कशाला?"

"छापखानेवाला बोलला, नमुना द्या. मी शेठचं बिल दिलं. त्याने तसंच छापलं. माल पन शेठचाच ना, मॅडम."

"आणि गिऱ्हाइकाकडून कराचे साडेबारा टक्के घेतलेस, ते?"

"ते शेठला दिले. दर महिन्याला माल आनायला गेलो की पाकिटात घालून द्यायचो."

मी पेन खाली ठेवलं. "पावती?"

"पावती कशाला? नंबर त्यांचा, म्हंजे टॅक्स त्यांनीच भरायचा ना?"

आधी मला हसू फुटलं. मग हिशेब केला आणि हसू पळालं. दीड वर्षात या बाबाने बहात्तर हजार रुपये पाकिटात घालून शेठच्या गल्ल्यात नेऊन टाकले होते. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ती गत! नोंदणी नसलेल्या माणसाला कराच्या नावाने एक पैसाही घेता येत नाही, आणि घेतला तर तो सरकारजमा करावाच लागतो, हे मी त्याला समजावलं. म्हणजे ओरडले.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर शेठच्या पेढीवर गेले. शेठने मला खुर्ची दिली, थंड पेय मागवलं आणि हात जोडून म्हणाला, "बहनजी, रोज पचास लोग आते हैं. जो दिया होगा, माल का दिया होगा."

"शेठ, पाकीट पे टॅक्स लिखता था मैं," सेबेस्टियन म्हणाला.

"तो पाकीट दिखाओ."

सेबेस्टियन माझ्याकडे बघायला लागला. शेठला खोटं बोलताना एकदाही अडखळावं लागलं नाही, याचा मला आजही संताप येतो.

गोष्ट पाचूबंदरला पोचायला दोन दिवसही लागले नाहीत. गोदामात गावातला एक ड्रायव्हर होता. त्याने घरी सांगितलं, घरच्यांनी मासळीच्या ओट्यावर सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत सेबेस्टियनने सरकारचे पैसे खाल्ले असं होऊन बसलं. नेमकं त्याच वेळी त्याच्याकडे गावच्या चर्चचं काम होतं. दानपेटी दोनदा फुटली म्हणून सहा कॅमेरे लावायचे होते. अर्धी वायर ओढून झाली होती. फादरांनी निरोप पाठवला, काम थांबव आणि रविवारी मिस्सा, म्हणजे प्रार्थना, संपल्यावर चर्चच्या कौन्सिलसमोर येऊन काय ते सांग.

"जाऊ दे ते काम," मी म्हटलं. "वसईत कामं काय कमी आहेत?"

"कामाचं नाय मॅडम. त्या चर्चमध्ये माझा बाप्तिस्मा झाला, लग्न झालं. तिथं मला कोन चोर बोलला, तर मी राहू कुठं?"

मी कागद पुढे ओढले.  रविवारच्या आत त्याच्या नावाने नोंदणीचा अर्ज टाकला. घेतलेला सगळा कर व्याजासकट भरला. स्टेशनजवळ गाळा घ्यायचा म्हणून त्याने आणि त्याच्या बायकोने, रोझलीनने, चार वर्षं साठवलेले पैसे त्यात गेले. चेकबुक तिनेच आणून दिलं. कार्यालयातल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, दंड जेवढा कमी करता येईल तेवढा केला आणि मला हळूच म्हणाले, "मॅडम, लोक एकदाही भरत नाहीत. दोनदा भरणारा आज बघितला."

रविवारी मीही गेले. मी त्याला बजावलं होतं, दोनच वाक्यं बोल. पैसे शेठला दिले होते, आता सरकारला पुन्हा भरले. कर भरल्याचं चलन दाखव आणि खाली बस. चर्चच्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं होती. त्याने पढवल्यासारखी दोन्ही वाक्यं म्हटली. चलन फादरांनी वाचलं, शेजारी दिलं. मग जेसन मास्तर उठले. शाळेत गणित शिकवायचे, माणूस वाईट नव्हता.

"हे चलन परवाचं आहे, सेबेस्टियन. आधीचे बहात्तर हजार गेले कुठे? पावती न घेता एवढे पैसे कुणी देतं का? हे आम्ही खरं मानायचं?"

मागून कुणीतरी हसलं. सेबेस्टियन उभाच राहिला. मी मनात म्हणत होते, बस रे बाबा, बस खाली. तो बसला नाही.

"मास्तर, आपन सगळे गावच्या सनाची वर्गनी इनेझ मावशीकडे देतो. माझा बाप देत होता, मी देतो, तुमी पन देता. कधी कोनी पावती घेतली? ज्याने जमा करायचे, त्याच्या हातात द्यायचे. मला तेवढंच ठाऊक. शेठला पन तसेच दिले."

 लोक माना हलवायला लागले. पन्नासच्या पन्नास माणसांनी वर्षानुवर्षं तसेच पैसे दिले होते. त्यांना ते खरं वाटलं. जेसन मास्तरांनी चलन घडी करून परत दिलं आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं." फादर म्हणाले, उद्यापासून काम सुरू कर.

मला इतका आनंद झाला की मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. तो माझ्याकडे बघतच नव्हता. पहिल्या ओळीत एक म्हातारी उठली होती, सत्तरीची, केसात अबोली माळलेली. तीच इनेझ. चहा न घेता ती दारातून बाहेर गेली.

"मॅडम, मी काय बोलून बसलो," तो म्हणाला.

"खरं तेच बोललास."

"मावशीचं नाव त्या पैशे खानाऱ्या शेठच्या बाजूला ठेवलं मी."

त्याच संध्याकाळी तो तिच्या घरी गेला. तिने त्याला बसवलं, जेवू घातलं. "तू खोटं नाय बोलला," एवढंच ती म्हणाली. त्याला बरं वाटलं. मीही म्हटलं, चला, मिटलं.

चार महिन्यांनी गावचा सण आला. सेबेस्टियनने मला आदल्या आठवड्यात घरी जेवायला बोलावलं. आम्ही ओटीवर बसलो होतो तेवढ्यात इनेझ मावशी वर्गणीला आल्या. बरोबर त्यांची नात सुझान होती आणि तिच्या हातात कोरं पावतीपुस्तक. मावशींना लिहिता येत नव्हतं. बसने वसईला जाऊन त्यांनी पदरच्या पैशाने ते छापून आणलं होतं.

सेबेस्टियनने नेहमीसारखे दोनशे रुपये त्यांच्या हातात ठेवले. सुझानने पहिल्या पानावर त्याचं नाव लिहिलं, रक्कम लिहिली. तिने शाईचा पॅड पुढे धरला, मावशींनी खाली अंगठा उठवला आणि पावती फाडून पुढे केली.

"मावशी, मला नको."

"घे रे, पोरा. तीस वरसं मी असेच घेत होते. उद्या कोनी बोललं, इनेझने पैशे खाल्ले, तर तू दाखव."

त्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. तेच फार लागलं. आयुष्यभर मी लोकांना पावती घ्या, पावती घ्या म्हणून सांगत आले. त्या दिवशी ते पुस्तक हिसकावून खाडीत फेकावं असं मला वाटलं. सेबेस्टियनने दोन्ही हातांनी पावती घेतली. त्याचे डोळे भरून वाहायला लागले. मावशींनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, ओढणीला शाईचं बोट पुसू नको म्हणून नातीला दटावलं, आणि पायऱ्या उतरून शेजारच्या घरी गेल्या. थोड्या वेळाने तिकडूनही पावती फाडल्याचा आवाज आला.