ड्रेपरीवाले चाचा आणि वडिलांचं माप

अख्ख्या परभणी जिल्ह्यात आमच्या ड्रेपरीवाले चाचांइतका विचित्र कपडे घालणारा माणूस झाला नाही आणि होणारही नाही, हे मी कुठल्याही सभेत छातीठोकपणे सांगायला तयार आहे. नाटकमंडळ्यांना आणि शाळांच्या गॅदरिंगला ते पोशाख शिवून भाड्यानं देत. पण कपड्याला अंगाची ऊब आणि बाहेरची हवा मिळाली नाही तर तो मरतो, असा त्यांचा ठाम समज होता. म्हणून रिकामा पडलेला प्रत्येक पोशाख ते स्वतः आळीपाळीनं घालत. खाली पायजमा, पायात रबरी चप्पल आणि वर प्रधानाचा जरीचा अंगरखा अशा थाटात ते मंडईत वांगी निवडत. भाजीवाली विचारायची, "काय परधानजी, राजा उपाशी हाय का?" चाचा गंभीरपणे म्हणायचे, "राजाला वांगं बाधतंय बाई. मला चांगली दे."

नवे पोशाख सुचायला त्यांना चित्रांची पुस्तकं लागत नसत. परभणीचं स्टेशन पुरेसं होतं. तिथल्या बाकावर बसून ते उतरणाऱ्या माणसांच्या निऱ्या, पटके, गुंड्या डोळ्यांनी उसवत. एकदा एका म्हाताऱ्याच्या पटक्याचा पीळ कळेना म्हणून त्याच्या मागोमाग गाडीत चढले. पूर्णेला टीसीनं दंड धरून उतरवलं, तर म्हणाले, "साहेब, जरा थांबा की, एक पीळ ऱ्हायलाय!"

दुकानात तीन लोखंडी पेट्या होत्या आणि त्यांवर खडूनं लिहिलेलं होतं: राजा, परधान, गरीब. 'गरीब' पेटीचा त्यांना फार अभिमान. कोरा कपडा ब्लेडनं फाडायचा, चहात बुडवायचा, वर ठिगळ लावायचं, ही त्यांची खास कला.

तेव्हा नामांतराची चळवळ पेटली होती आणि मी पाणीसुद्धा पत्रकाच्या भाषेत मागत असे. मी लिहिलेल्या नाटकात मुलाला विद्यापीठात धाडणारा आमच्या वस्तीतला एक बाप होता. चाचांनी त्याच्यासाठी 'गरीब' पेटीतला फाटका सदरा काढून दिला. मी सगळ्या पोरांदेखत ओरडलो, "तुम्ही प्रस्थापितांचे शिंपी आहात!"

चाचांना त्यातला 'शिंपी' एवढाच शब्द कळला. "शिंपी तर हायच की बेटा. सदऱ्यात काय चुकलं ते सांग."

"माझा बाप असले कपडे घालत नाही. घरी येऊन बघा!"

दुसऱ्या दिवशी ते खरंच, सरदाराचं मखमली जाकीट घालून, पेडगावच्या पुढं आमच्या गावी हजर झाले. वडील मोर्चाला निघाले होते. अंगात पांढरा सदरा, तांब्यात निखारे घालून इस्त्री केलेला. चाचांनी कॉलरला बोट लावलं. झिजलेली कॉलर उसवून, उलटी करून पुन्हा शिवली होती.

"कोणी पलटली ही?"

"मीच. इथला शिंपी आमाला टेप लावत न्हाई. लांबूनच बघून अंदाजानं शिवतो."

चाचांनी गळ्यातला टेप काढला. ते पुढं आले तसे वडील सवयीनं मागं सरले, पार भिंतीला टेकले. चाचांनी त्यांच्या खांद्यावर टेप ठेवला. वडील दम रोखून उभे.

"भाऊ, श्वास सोडा," चाचा म्हणाले. "न्हाईतर सदरा तंग व्हईल."

साठीच्या माझ्या बापाला पहिल्यांदाच शिंप्याचा हात लागत होता. मी जमिनीकडं बघत राहिलो.

सदरा आला, तो नाटकात बापाचं काम करणाऱ्या पोराच्या अंगावर पोत्यासारखा लोंबायला लागला. चाचांनी माप वडिलांचंच ठेवलं होतं. "ज्याचं माप, त्याचा सदरा," एवढंच म्हणाले आणि एक टाका बदलेनात. शेवटी परभणीच्या प्रयोगात वडीलच उभे राहिले. चार वाक्यं होती, दोन विसरले. तरी लोक ऐकत राहिले. पडद्यामागं चाचा जरीच्या बाहीनं डोळे पुसत होते.

मी मात्र त्यांची माफी मागितली नाही. लहानपणापासून वाचलेल्या कुठल्याच पत्रकात माफीचा मजकूर नव्हता. उद्या मागू, प्रयोग संपल्यावर मागू, असं करत राहिलो. पुढं सत्याग्रहात मला अटक झाली आणि मी तुरुंगात असतानाच चाचा गेले.

सुटून आलो तेव्हा वडिलांकडून कळलं. ते मातीला जाऊन आले होते. कबरस्तानात कुणीतरी त्यांना विचारलं, "तुमी त्यांचे कोण?"

"मग काय सांगितलं?" मी विचारलं.

"काय सांगू? म्हणलं, माझं माप त्यांच्यापाशी हाय."

'तुम्ही त्यांचे कोण', हा प्रश्न मला कुणी विचारला नाही.